दादरचा टब, तानसाचं पाणी

बाथरूमचं रिनोव्हेशन काढलं की जुन्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास अडतो. तो भलामोठा टब ठेवायचा की काढायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही आधी मरीन ड्राइव्हला गेलो आणि मग थेट अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर!

मुंबईतल्या जुन्या, ऐसपैस फ्लॅट्समध्ये एक वस्तू अजूनही सापडते. बाथटब! आणि त्या टबात काय असतं? अंघोळ करणारा माणूस सोडून बाकी सगळं. काठोकाठ भरून ठेवलेल्या बादल्या, दिवाळीच्या आधी भिजत घातलेले पडदे, गाद्यांचे अभ्रे, गणपतीत फुलांच्या परड्या.. आणि मे महिन्यात गावाहून आलेली आंब्याची पेटीसुद्धा. टबावर एक लाकडी फळी टाकली की झालं टेबल तयार!

असाच एक टब सध्या आमच्या वाट्याला आलाय. दादरच्या हिंदू कॉलनीत, पहिल्या मजल्यावर. घर नवऱ्याच्या आत्याबाईंचं. त्या गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि आम्ही ठाण्याचा भाड्याचा वन बीएचके सोडून इथे यायचं ठरवलं. सांगलीहून सासूबाईही कायमच्या आमच्याकडे येणार. आत्तापर्यंत सगळं छान. फक्त घरात बाथरूम एकच. आठ फूट बाय पाच फूट. त्यातली पाच फूट बाय अडीच फूट जागा एकटा टब अडवून बसलेला.

कॉन्ट्रॅक्टरने पहिल्याच भेटीत निकाल दिला. "मॅडम, टब निकालो. आधा बाथरूम खाली हो जाएगा." नवरा म्हणाला, "नो वे! असा टब आता शोधूनही मिळणार नाही." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मला एक बादली आणि एक पाट द्या, बाकी तुमचं तुम्ही बघा." तिघांचंही पटत होतं. म्हणजे निर्णय माझ्याच गळ्यात!

हा टब आला कुठून?

निर्णय घ्यायच्या आधी हा पाहुणा आपल्याकडे आला कसा ते तर बघूया, म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही ओव्हल मैदानावर पोचलो. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, म्हणजे व्हिक्टोरियन गॉथिक. दुसऱ्या बाजूला गोल बाल्कन्या, सूर्यकिरणांची नक्षी आणि आइसक्रीमसारखे रंग असलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग. मधोमध क्रिकेट. २०१८मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा यादीत घातल्या. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत मरीन ड्राइव्ह. समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर १९३०-४०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या या इमारती म्हणजे त्या काळातला सॉलिड मॉडर्न प्रकार होता.

त्यातलं सगळ्यात मॉडर्न काय होतं, माहितेय? बाल्कनी नाही, लिफ्ट नाही. घराच्या आत असलेला संडास आणि बाथरूम! तोपर्यंत मुंबईतला बहुतेक मध्यमवर्ग चाळीत राहायचा. खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. नव्या फ्लॅटमध्ये हे सगळं आपल्या दाराच्या आत आलं. 'सेल्फ-कन्टेन्ड' हा शब्द त्या काळात अगदी ऐटीत वापरला जायचा.

आमचं दादर-माटुंगाही याच गोष्टीचा भाग. १८९६च्या प्लेगने मुंबई हादरली. त्यानंतर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि या ट्रस्टने मोकळे रस्ते, झाडं आणि प्लॉट आखून दादर-माटुंग्याची वस्ती वसवली. इतिहासकार निखिल राव यांचं 'हाऊस, बट नो गार्डन' हे पुस्तक (२०१३) याच फ्लॅट-संस्कृतीवर आहे. आज आपण टू बीएचके, थ्री बीएचके म्हणतो त्याची मुळं इथे आहेत.

मरीन ड्राइव्हला माझी एक ऑफिसातली मैत्रीण सासरच्या घरात राहते. तिच्याकडे दोन बाथरूम आहेत आणि एकात अगदी आमच्यासारखाच ओतीव लोखंडाचा टब. तिने तो ठेवलाय आणि मजेत वापरतेसुद्धा. का? तर घरात चार आणि सहा वर्षांची दोन कार्टी. जुलैमध्ये ओव्हलवरून चिखलात माखून आली की दोघांनाही सरळ टबात टाकायचं! "तुझ्याकडे लहान मुलं आहेत का? दुसरं बाथरूम आहे का? नाही ना? मग मला विचारू नकोस," ती म्हणाली. रोखठोक. पण मला तिथेच पहिला धागा मिळाला. टब चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. तो कुणासाठी, हा प्रश्न आहे.

न्हाणीचा फंडा

एक गंमत सांगते. आमच्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये एक आयटम होता. 'नहाणी ट्रॅप, दोन नग.' फरशीतलं पाणी जिथून खाली जातं ती जाळी आणि तिच्या खालचा वाकडा पाइप. म्हणजे आपली न्हाणी! हा मराठी शब्द आज देशभरातल्या इंजिनीअर्सच्या इंग्रजी कागदांवर बिनधास्त फिरतोय.

आणि या एका शब्दात आपली अख्खी अंघोळ आहे. आपण पाण्यात बसत नाही, पाणी अंगावर घेतो. तांब्याच्या बंबात तापवायचं, घंगाळात विसण घालायचं, पाटावर बसून तांब्यातांब्याने अंगावर ओतायचं आणि ते वाहून न्हाणीतून बाहेर. दिवाळीतलं अभ्यंगस्नान आठवा. तेल, उटणं, कडकडीत पाणी आणि शेवटी 'झालं का? पुढचा या!' आपल्या लेखी स्वच्छ पाणी म्हणजे वाहतं पाणी. साबणाच्या पाण्यात स्वतःच बसून राहायचं ही कल्पनाच आपल्या आज्यांना पटली नसती.

मग हा टब ऐंशी वर्षं टिकला कसा? त्याचं उत्तर आत्याबाईंनी पुण्याहून फोनवर दिलं.

"अगं, मी त्या टबात आयुष्यात एकदाही बसले नाही."

"मग?"

"मग काय! पाणी यायचं पहाटे. तास-दीड तास. पहिला टब भरायचा, मग पिंप, मग हंडे-कळशा. दिवसभर धुणं, भांडी, फरशी सगळं त्या टबातल्या पाण्यावर. तो टब होता म्हणून माझ्या घरात कधी पाणी संपलं नाही. शेजारच्या तिघीजणी बादल्या घेऊन यायच्या."

घ्या! म्हणजे ज्याला नवरा लक्झरी म्हणत होता तो खरं तर मुंबईतला सगळ्यात देखणा पिंप होता. इंग्रजी चित्रपटात फेसात बुडालेल्या नायिका आणि आमच्या हिंदू कॉलनीत पहाटे पाचला टब भरणाऱ्या आत्याबाई! टब तोच, काम वेगळं.

आता जरा गणित

सेंटिमेंट्स ठीक आहेत, पण ऑफिसात एक्सेल शीट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना आकडे लागतातच. पाच फुटी टब अंग बुडेल इतका भरायचा तर साधारण १५० लिटर पाणी लागतं. म्हणजे २० लिटरच्या साडेसात बादल्या. शहरांमध्ये माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे. पिणं, स्वयंपाक, धुणं, भांडी, संडास, अंघोळ सगळं धरून. टबातली एक डुबकी म्हणजे एका माणसाच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त.

शॉवरवाल्यांनी लगेच हसू नये बरं का! मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली पंधरा मिनिटं गाणी म्हणत उभं राहिलात तर तेवढेच १५० लिटर जातात. खरी चॅम्पियन आहे ती आपली बादली.

पुढचा प्रश्न, एवढं पाणी तापवणार कशात? मुंबईच्या हिवाळ्यात नळाचं पाणी समजा २५ अंश. अंगाला सुखावणारं पाणी ४० अंश. गिझरमधून ६० अंशाचं पाणी येतंय असं धरलं तर १५० लिटरच्या टबासाठी त्यातलं जवळपास ६५ लिटर लागतं. आपल्या बाथरूममध्ये असतो १५ किंवा फार तर २५ लिटरचा गिझर. २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर एकदा तापायला अर्धा तास घेतो. म्हणजे अडीच वेळा तापवा, सव्वा तास थांबा, आणि तोवर पहिलं पाणी गार! वीज मात्र फार नाही, पावणेतीन युनिटच्या आत. महाग आहे ते पाणी आणि वेळ.

आणि वजन? ओतीव लोखंडाचा टब सव्वाशे-दीडशे किलोचा. त्यात दीडशे किलो पाणी, वर सत्तर किलोचा माणूस. साडेतीनशे किलो, तेही ऐंशी वर्षांच्या स्लॅबवर. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला आधीच एक ओला डाग दिसतोय. ते जिन्यात भेटले की 'कसं चाललंय काम?' असं विचारतात आणि नजर वर जाते. हे टेन्शन वेगळंच!

नवऱ्याला हे आकडे दाखवले तर म्हणाला, "आकडे काय सांगतेस? वापरून बघूया." ठीक आहे. तोडफोड सुरू व्हायला एक महिना होता. आम्ही टब घासून लख्ख केला, नवीन बूच आणलं आणि कॅलेंडरवर पेन लटकवलं. कुणी टबात बसलं की त्या तारखेला गोल करायचा. पहिल्या शनिवारी साहेबांनी सव्वा तास पाणी भरलं, मेणबत्ती लावली, गाणी लावली आणि आत शिरले. पाच फूट अकरा इंचाचा माणूस पाच फुटी टबात! खांदे बुडाले तर गुडघे बाहेर, गुडघे बुडाले तर खांदे बाहेर. वीस मिनिटांनी बाहेर. महिनाअखेर कॅलेंडरवर गोल किती? एक.

चला, अकलोलीला!

याच महिन्यात सासूबाई आठवडाभरासाठी घर बघायला आल्या होत्या. त्यांचे गुडघे गेली चार वर्षं दुखतात. डॉक्टरांनी गरम शेक सांगितलाय. "टब असला तर आईच्या गुडघ्यांना बरंच की," हा नवऱ्याचा शेवटचा पत्ता. मी म्हटलं, मग आधी खऱ्या गरम पाण्यात बसवूनच बघूया! रविवारी सकाळी सहाला गाडी काढली. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, दहिसर, घोडबंदरची खाडी ओलांडून अहमदाबाद हायवेवरचा शिरसाड फाटा. तिथे उजवीकडे वळलं की शहर संपतं. पारोळ गेलं की दोन्ही बाजूंना डोंगर, भातखाचरं आणि मधूनच वीटभट्ट्या. दीड-दोन तासांत वज्रेश्वरी.

वज्रेश्वरीचं मंदिर लांबूनच लक्ष वेधून घेतं. किल्ल्यासारखी तटबंदी, भक्कम दरवाजा आणि वर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेआधी देवीला नवस केला होता, १७३९मध्ये वसई जिंकली आणि मग हे मंदिर बांधलं अशी इथली गोष्ट. पायऱ्या बावन्न. सासूबाईंनी खालूनच हात जोडले. "देवीला दिसतेय मी," म्हणाल्या.

तिथून दीडेक किलोमीटरवर अकलोली. तानसा नदीचा काठ, रामेश्वर महादेवाचं मंदिर आणि त्याला लागून गरम पाण्याची कुंडं. चौकोनी, बांधून काढलेली, आत उतरायला पायऱ्या. एकात पाणी कोमट, दुसऱ्यात चांगलंच गरम, तिसऱ्यात तर पाऊल टाकलं की 'आई गं!' हवेत गंधकाचा हलकासा वास. पाण्यावर सकाळची वाफ. आत गळ्यापर्यंत बुडालेले काका, काठावर पाय सोडून बसलेल्या साडीतल्या आज्या आणि 'अरे, उडी मारू नको!' म्हणून ओरडणाऱ्या आया. असं फुल फॅमिली स्पा कुठल्या रिसॉर्टमध्ये मिळणार?

हे पाणी गरम का? इथे काही ज्वालामुखी धुमसत नाही. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. वज्रेश्वरीपासून खाली कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे अशी झऱ्यांची माळच आहे. म्हणजे निसर्गाने आपल्याला टब दिलेत, तेही गिझरसकट. फक्त ते घरात नाहीत, सगळ्यांचे मिळून आहेत.

आणि गंमत बघा, ही नदी कुठली? तानसा! याच नदीवर वर शहापूर तालुक्यात धरण आहे. १८९२मध्ये ते पूर्ण झालं आणि तेव्हापासून तानसाचं पाणी मोठमोठ्या पाइपांतून मुंबईला येतंय. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, या सात तलावांवर आपली मुंबई जगते. त्यातले विहार आणि तुळशी सोडले तर बाकी सगळे शहराच्या बाहेर. दर जूनला आपण पेपरात तलावांचे आकडे वाचतो, पाऊस लांबला की पाणीकपात होते. २०२४च्या जूनमध्येच दहा टक्के होती. आपण नळ सोडतो तेव्हा इतक्या लांबून आलेलं पाणी सोडतो हे दादरमध्ये बसून कळत नाही. इथे काठावर बसलं की आपोआप कळतं.

सासूबाई कोमट कुंडाच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या. गुडघे बरोब्बर पाण्यात. शेजारी वाड्याच्या एक आजी. पाच मिनिटांत दोघींची मुलं, सुना, नातवंडं आणि कुणाचा कुठला गुडघा, सगळं बोलून झालं. वीस मिनिटांनी कठड्याला धरून सासूबाई आपल्या आपण उठल्या. नवरा हात द्यायला धावला तर म्हणाल्या, "राहू दे, जमतंय." आणि मग माझ्याकडे बघून,

"अगं, त्या तुमच्या टबात मी आत जाणार कशी आणि बाहेर येणार कशी, हे कुणी विचारलंच नाही मला. इथे बघ, पायरीवर बसलं की झालं."

झाला निकाल! टबाचा काठ जमिनीपासून दीड फूट उंच. ओली फरशी, एक पाय वर, दुसरा हवेत. तिशीतल्या आपल्याला त्यात काही वाटत नाही. सत्तरीतल्या माणसाला बाथरूममधली एक घसरपट्टी म्हणजे मोडलेलं खुबं, ऑपरेशन आणि महिनोन्‌महिने अंथरूण. गुडघ्यांना हवी होती ऊब आणि बसायला पायरी. टब नव्हे.

परत येताना माझ्या टोकियोतल्या एका जुन्या कलीगची आठवण झाली. तो म्हणायचा, जपानमध्ये टब घराघरात आहे, पण त्यात साबण लावून कुणी शिरत नाही. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून स्वच्छ अंघोळ, आणि मग टबात नुसतं शेकत बसायचं. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात आणि उरलेलं वॉशिंग मशीनला. म्हणजे आधी आपली न्हाणी आणि मग त्यांचा टब! तिथे टब चालतो कारण अख्ख्या घराची सवय त्याच्याभोवती बांधलेली आहे. आपण नुसता टब उचलून आणला, सवय नाही आणली.

मग काय ठरलं?

टब काढला. पण त्याआधी त्याची कामं एकेक करून वाटून दिली. पाणी साठवायचं काम गेलं लॉफ्टवरच्या टाकीला. अर्थात लॉफ्टला तेवढं वजन झेपेल याची इंजिनीअरकडून खात्री करून. गुडघे शेकायचं काम मिळालं आत्याबाईंच्या माळ्यावर सापडलेल्या तांब्याच्या घंगाळाला. कल्हई लावून, घासून ते असं चमकलंय की गुळगुळीत मासिकातल्या फोटोत शोभेल! पाच-सात लिटर गरम पाण्यात पाय सोडून सासूबाई सकाळी निवांत बसतात. टबाच्या जागी आला सतरा इंच उंचीचा कट्टा, आडवा धरायचा दांडा आणि खाली-वर होणारा हॅन्ड शॉवर. दरवाजा आता बाहेरच्या बाजूला उघडतो. आत कुणी पडलंच तर दार अडू नये म्हणून.

आणि टब? घण घालून तुकडे केले तर भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता. नवऱ्याचं तोंड बघवेना. शेवटी कर्जतला जुनं घर दुरुस्त करणाऱ्या त्याच्या मित्राने तो मागून घेतला. चार माणसं, दोन तास आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'आहिस्ता, आहिस्ता'. तिथे अंगण आहे, विहीर आहे, स्लॅबची भानगड नाही. आत्याबाईंना फोन करून सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "टाकी केवढी घेतलीत?" पाचशे लिटर म्हटल्यावर म्हणाल्या, "मग काढा खुशाल."

तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. घरात लहान मुलं असतील, दुसरं बाथरूम असेल, कॅलेंडरवर महिन्यात पाच-सहा गोल पडत असतील तर जरूर ठेवा. नाहीतर स्वतःला एकच प्रश्न विचारा. मला टब हवाय की टबातून जे मिळेल असं वाटतं ते हवंय? ऊब हवी असेल तर बादली आहे, शांतता हवी असेल तर दाराला कडी आहे. आणि गळ्यापर्यंत बुडून बसायचंच असेल तर अकलोली आहे की!

टब ठेवायचाच असेल तर..
• आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड किंवा स्टील, नाही चिकटला तर अॅक्रिलिक किंवा फायबर. ओतीव लोखंडाच्या टबाला पुन्हा एनॅमलचा लेप देऊन नवा लूक देता येतो.
• टबाखालचं जुनं वॉटरप्रूफिंग तपासा. नवं केल्यावर फरशी बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. शेजारधर्म टिकतो!
• जुने जीआय पाइप याच वेळी बदला. नंतर टाइल्स फोडणं महागात पडतं.
• टबाच्या पाइपापर्यंत हात पोचेल अशी झडप ठेवा. केस अडकणारच आहेत.
• टब ठेवा किंवा काढा, भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवाच. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे.
• सोसायटीला काम सुरू करण्याआधी लेखी कळवा.

कसं जाल?
• गाडीने : अहमदाबाद हायवेवर शिरसाड फाट्याला उजवीकडे वळा. पारोळमार्गे वज्रेश्वरी. ठाणे-भिवंडीकडून येणाऱ्यांनी अंबाडीमार्गे यावं.
• ट्रेनने : वसई रोड किंवा विरार स्टेशन. पुढे साधारण ३० किलोमीटर एसटी किंवा रिक्षाने.
• जवळच गणेशपुरी आहे. भगवान नित्यानंदांचं समाधी मंदिर आणि भीमेश्वर महादेवाजवळची गरम पाण्याची कुंडं चुकवू नका.
• हिवाळ्यातली सकाळ बेस्ट. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर गर्दी होते. पावसाळ्यात नदी फुगलेली असताना काठाला जाऊ नका.
• कुंडात साबण-शॅम्पू नको. आधी बाहेर अंग धुवा, मग उतरा. रिकामी पाकिटं आपल्याच पिशवीत परत आणा.
• बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच गरम पाण्यात बसा. डायबेटिस असलेल्यांच्या पायांना कधीकधी चटका जाणवत नाही, त्यामुळे पाणी दुसऱ्या कुणाला तरी हाताच्या कोपराने तपासायला सांगा.